विहिरीच्या पायऱ्या

कथा-कादंबरी वाचणं मी सोडलं त्याला चाळीस वर्षं उलटून गेली. दारू सुटावी तशी ती सुटली नाही. कुणी शपथ घातली नाही, की माळ घातली नाही. एका दिवाळी अंकातली एक कथा वाचली आणि त्यानंतर हात पुढं जाईना. ती कथा कुणा थोर लेखकाची नव्हती. माझीच होती.

वाचायचं वेड मात्र लहानपणापासूनचं. गाव सातारा जिल्ह्यातलं, माण तालुक्यातलं, कायमच्या दुष्काळी पट्ट्यातलं. गावाचं नाव लिहीत नाही. का लिहीत नाही ते पुढं येईल. चुलता मुंबईला गोदीत होता. सुट्टीला यायचा तेव्हा पत्र्याच्या ट्रंकेतून रद्दीतली पुस्तकं आणायचा. बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार, पानं गेलेली नाटकं, एखादं जुनं पंचांग. शेवटची पानं नसायची म्हणून खुनी कोण ते मीच ठरवायचो. बहुतेक वेळा आमच्या गावचा पाटीलच खुनी निघायचा.

मॅट्रिक झालो आणि १९७१ ला मुंबईला आलो. वडाळ्याच्या सिद्धार्थ विहारात जागा मिळाली, कॉलेज फोर्टातलं. इथं आल्यावर कळलं की आपण आजवर वाचलं ते वाङ्मयच नव्हे. नवकथा वाचली पाहिजे. गाडगीळ वाचले पाहिजेत, गोखले वाचले पाहिजेत. काम्यू, काफ्का मराठीत नाही मिळाला तर इंग्रजीत, डिक्शनरी मांडीवर घेऊन. वाचलं. बैलानं जू घ्यावं तसं मानेवर घेतलं आणि वाचलं.

त्या दिवसांत आमच्या पोरांत एक रोगच आला होता. ज्याला त्याला एकटं वाटायचं. एकेका खोलीत सहा-सहा जण झोपायचो, कूस बदलायची तर शेजारच्याला उठवून बदलायची, आणि तरी एकटं वाटायचं! गावाकडं सगळ्या वस्तीवर बहिष्कार पडलेला असायचा, त्याला कुणी एकटेपण म्हणत नव्हतं. पुस्तकातलं एकटेपण मात्र झकास होतं. त्याला सिगारेट लागायची.

मग 'कोसला' हातात आली. १९६३ ची कादंबरी, माझ्यापर्यंत यायला दहा वर्षं लागली. खोटं कशाला बोलू, वेडा झालो. पांडुरंग सांगवीकर पुण्यात शिकायला येतो, बापाचा पैसा उडवतो, नापास होतो, गावाकडं परत जातो. मलाही सगळं निरर्थक वाटायला लागलं. कॅन्टीनमध्ये बसून तसं बोलायचो. चहाचे पैसे दुसरा द्यायचा. त्याच्यापाशी उडवायला बापाचा पैसा होता आणि नापास होऊन परत जायला घर-शेत होतं, एवढी साधी गोष्ट ध्यानात यायला मला बरीच वर्षं लागली. मी नापास झालो असतो तर स्कॉलरशिप गेली असती, आणि परत जायचं ते खडी फोडायला.

१९७२ चा दुष्काळ ७३ च्या उन्हाळ्यापर्यंत ताणला. आय, आत्या आणि माझी धाकटी बहीण तिघी खडीच्या कामावर. रेशनला तांबडा मिलो, कामावर सुकडी. मे महिन्यात एक कार्ड आलं. शाळेतल्या कुणा पोराच्या हातचं. आत्या वारली, दिवस झाले, काळजी करू नये, अभ्यास करावा. एवढंच. कार्ड वाचलं आणि पुस्तकात खूण म्हणून घातलं. पुस्तक 'कोसला'च होतं. पुढं त्यात पांडुरंगाची बहीण मनी देवीनं मरते. ती पानं वाचताना मी उशीत तोंड खुपसून रडलो. आणि माझ्या बापाची सख्खी बहीण मेल्याचं कार्ड त्याच पानांत होतं, त्याच्यासाठी डोळ्याला पाणी आलं नव्हतं.

ह्यात त्या कादंबरीचा काय दोष? काही नाही. मरणाची ती पानं खरीच मोठी आहेत. दोष माझ्या डोळ्यांचा. कशाला रडायचं आणि कशाला नाही, हे त्यांना पुस्तकांनी शिकवलं होतं, आणि त्या शिकवणीत आत्या नव्हती.

दिवाळीला गावी गेलो तेव्हा आयनं सांगितलं. आत्या तापानं मेली नव्हती. गावाच्या विहिरीवर आमच्या बायका घागरी घेऊन लांब बसायच्या, कुणाला दया आली तर वरनं पाणी वाढायचे. त्या दिवशी भर दुपारी खडीवरनं आलेल्या, तास दोन तास बसल्या, कुणी येईना. आत्या उठली आणि पायऱ्या उतरून गेली. संगं माझी धाकटी बहीण, तेरा वर्षांची. आत्या भरलेली घागर घेऊन वर येत होती तेव्हा चौघं आले. तिथंच पायरीवर मारलं. चौथ्या दिवशी गेली. अस्पृश्यता गुन्हा ठरवणारा कायदा होऊन तेव्हा अठरा वर्षं झाली होती. फिर्याद कुणी दिली नाही. बाप म्हणाला, फिर्याद द्यायची तर तालुक्याला जायचं, आणि माघारी ह्याच गावात यायचं.

आत्याचा जन्म चवदार तळ्याच्या सालातला. आमच्याकडं वय असंच सांगायचे, बाबासाहेबांनी महाडला पाणी हातात घेतलं त्या सालची. म्हणजे १९२७. पाण्याच्या सालात जन्मली आणि पाण्यापायी मेली. कथेत असं लिहिलं असतं तर संपादकानं समासात लिहिलं असतं : फार जुळवून आणलं आहे.

तर मी कथा लिहिली. बी.ए. होऊन महसूल खात्यात कारकून म्हणून चिकटलो होतो. १९७८ च्या एका दिवाळी अंकात ती छापून आली. कुठला अंक ते राहू दे. काय लिहिलं होतं मी? आत्याची 'ती' केली. चौघांच्या 'चार सावल्या' केल्या. गाव काढून टाकलं, दुष्काळ काढून टाकला, मिलो काढून टाकला. मिलो कलेत बसत नव्हता. उरली एक बाई, एक विहीर आणि काळोख. शेवटी ती आपल्याच आवाजाचा प्रतिध्वनी ऐकते. भर दुपारी मारलेली बाई, आणि मी काळोख घातला!

एका प्राध्यापकाचं पत्र आलं. सुवाच्य अक्षर, आंतर्देशीय पत्र भरून स्तुती. विहीर हे अस्तित्वाच्या पोकळीचं प्रतीक म्हणून आपण फार समर्थपणे वापरलं आहे, असं काहीतरी. आणि कल्पनाशक्तीचं कौतुक. मी पत्र वाचत होतो आणि डोक्याला मुंग्या येत होत्या. अहो, कसली पोकळी? आमच्या गावची विहीर होती ती. घडीव दगडाची, अडतीस पायऱ्यांची. तिच्यात पाणी होतं. पोकळी असती तर आत्या कशाला उतरली असती?

पण त्याला शिव्या देऊन काय उपयोग. प्रतीक मीच केलं होतं. त्यानं फक्त पावती दिली.

खरा तडाखा पुढं बसला. अंक घेऊन गावी गेलो आणि आयला कथा वाचून दाखवली. तिनं नीट ऐकून घेतली, मधे एक शब्द बोलली नाही. संपल्यावर म्हणाली, "चांगली हाय. कुनाची गोष्ट म्हनायची ही?"

तिच्या नणंदेची गोष्ट तिला ओळखू आली नाही. चौघांनी आत्याला मारलं, आणि उरलीसुरली मी पुसली.

त्याच वर्षी दया पवारांचं 'बलुतं' आलं. पुढच्या वर्षी सोनकांबळ्यांचं 'आठवणींचे पक्षी', १९८० ला लक्ष्मण मान्यांचं 'उपरा'. 'बलुतं' मी आयला रात्री कंदिलाखाली वाचून दाखवायचो. शेजारपाजारच्या बाया येऊन बसायच्या. माझ्या कथेला चिडीचूप बसलेली आय इथं पानापानाला मला थांबवायची. "थांब, थांब. आमच्याकडं बलुतं असं नव्हतं देत." "ह्यो बाबा खरं बोलतोय, पर समदं न्हाई बोलत." "त्येची आय मातुर माझ्यासारखीच हाय बघ." एकदा तर दोघी म्हाताऱ्यांची येसकरकीच्या पाळीवरनं अशी जुंपली की पुस्तक मिटून मी हसत बसलो. त्या भांडत होत्या कारण भांडता येत होतं. दया पवारांनी गाव सांगितलं होतं, मुंबईतला कावाखाना सांगितला होता, आई सांगितली होती. जाऊन बघता येईल असं लिहिलं होतं. माझ्या कथेशी कोण कशाला भांडेल? ती खरीही नव्हती आणि खोटीही नव्हती.

मला तेव्हा जे कळलं ते एवढंच. आपल्या माणसाला जन्मभर एकच ऐकावं लागलंय : खोटं बोलतोय. चावडीवर खोटं, ठाण्यावर खोटं, कोर्टात साक्ष फिरली म्हणून खोटं. अशा माणसानं आपली हकीगत कथा म्हणून सांगितली की ऐकणारा सुटतो. वा, छान, म्हणतो आणि पान उलटतो. तुमच्यावर खोटेपणाचा आरोप करायचीही त्याला गरज उरत नाही, कारण तुम्हीच आधी कबुली देऊन बसलेला असता की हे कल्पित आहे.

दोस्तहो, ह्यावर आपल्यातले कथाकार माझ्यावर धावून येतील. येऊ द्या. बाबूराव बागूल काढतील, 'जेव्हा मी जात चोरली होती' काढतील. त्या १९६३ च्या पुस्तकापुढं मी आजही हात जोडतो, अण्णा भाऊंच्या 'फकिरा'पुढंही. त्यांच्या कथेत माणूस पुसला जात नाही, उलट दुप्पट उभा राहतो. पण ते बागूल होते. मी कारकून. आणि मला ज्यांनी कथा शिकवली ती मंडळी वेगळी होती. त्यांच्या शाळेत पहिला धडा होता तपशील गाळण्याचा.

आणि सत्य सांगणाऱ्या चार पानांची ताकद मी पाहिली नव्हती असं नाही. १९७२ ला 'साधना'चा १५ ऑगस्टचा विशेषांक आला, त्यातला राजा ढाल्यांचा लेख आम्ही सिद्धार्थ विहारात मोठ्यानं वाचला होता. परभणी जिल्ह्यातल्या ब्राह्मणगावात दोन बायांची विटंबना झाली होती. ढाल्यांनी हिशेब मांडला होता : झेंड्याचा अपमान केला तर तीनशे रुपये दंड, आमच्या बाईचं लुगडं फेडलं तर पन्नास. केवढा गदारोळ उठला! लोक झेंड्यावरनं चिडले, पण चिडले. गावाचं नाव होतं, रुपयांचा आकडा होता, त्यातनं पळायला वाट नव्हती. तो लेख ऐकून आम्ही टाळ्या पिटल्या, आणि वर्षभरानं माझ्याच घरात तसंच घडलं तेव्हा मी आत्याची सावली करायला बसलो. शिकलेला माणूस किती गाढव असतो!

मग मी कादंबऱ्या बाजूला सारल्या आणि भेटेल ते खरं वाचत सुटलो. खैरमोड्यांनी लिहिलेल्या बाबासाहेबांच्या चरित्राचे खंड. आत्र्यांचा १९१५ सालचा 'गावगाडा'. त्याच्या लेखकाशी माझं पानोपानी भांडण आहे, आमच्या लोकांकडं तो कसा बघतो ते वाचून रक्त तापतं, पण गाव कसं चालायचं हे समजायला त्याला पर्याय नाही. मुंबई इलाख्यातल्या अस्पृश्य आणि आदिवासींच्या स्थितीवरचा स्टार्ट समितीचा १९३० चा अहवाल, त्या समितीवर बाबासाहेब स्वतः होते. १९७९ पासून सरकारनं बाबासाहेबांचं लेखन खंडाखंडानं काढायला सुरुवात केली, ते घेत गेलो. मित्र म्हणायचे, हे काय रूक्ष वाचतोस? रूक्ष! ज्याला आपल्या आजाचं वतन कसं गेलं, मुळात ते वतन होतं की वेठ होती, हे जाणून घ्यायचंय त्याला विचारा रूक्ष काय असतं ते.

बाराव्या खंडात, १९९३ च्या, बाबासाहेबांनी स्वतःच्या आठवणी सांगणारं एक छोटं लेखन आहे, 'वेटिंग फॉर अ व्हिसा'. त्यातली पहिली हकीगत १९०१ सालची. साताऱ्याहून वडलांना भेटायला निघालेली पोरं मसूर स्टेशनावर उतरतात. घ्यायला कुणी आलेलं नाही. जात कळते तसा स्टेशनमास्तरचा चेहरा बदलतो. गाडीवाला तयार होतो तो दुप्पट भाड्यावर, आणि गाडी पोरांनीच हाकायची, तो शेजारनं चालणार. संगं जेवण भरपूर आहे पण पाणी नाही, आणि पाणी कुणी देत नाही, म्हणून पोरं उपाशी झोपतात. मसूर आमच्याच जिल्ह्यातलं. त्या स्टेशनावरनं मी किती वेळा गेलो असेन. वाचताना शोधत होतो की बाबासाहेब कुठं रडतात, कुठं आकाश-बिकाश आणतात. कुठंच नाही. भाडं किती, अंतर किती, कोण काय म्हणालं. वकील साक्षीदाराला उभा करतो तसं स्वतःच्या लहानपणाला उभं केलंय. ते वाचून माझी कथा मी पुन्हा काढून पाहिली आणि जाळून टाकली. अंक दुसऱ्यांकडं असतीलच. असू देत.

पण कागदावर लिहिलं म्हणजे खरं, असंही नाही. हे कारकुनाइतकं कुणाला कळणार? १९८४ ला मी आत्याच्या मरणाचा दाखला काढायचं ठरवलं. आपल्याच खात्यातला माणूस म्हणून रजिस्टर बघायला मिळालं. धुळीनं शिंका देत पानं उलटली. मे १९७३. सापडलं. नाव अर्धं चुकलेलं. वय ६५. कारण : ताप.

वय ६५! चवदार तळ्याच्या सालची बाई, म्हणजे सेहेचाळीस. एका ओळीत कुणीतरी तिला एकोणीस वर्षांनी म्हातारी केली होती, मरण पटावं म्हणून. मी बराच वेळ त्या ओळीवर बोट ठेवून बसलो. राग आला, आणि एक सांगतो, बरंही वाटलं. हे खोटं पकडता येत होतं. ६५ समोर ४६ लिहून दाखवता येत होतं. माझ्या कथेतल्या खोट्याला मात्र हात घालायला जागाच नव्हती. सरकारी कागद खोटं बोलतो तेव्हा तारीख घालून बोलतो, बिचारा.

तेव्हा ठरवलं, आता सगळं नावानिशी लिहायचं. साक्षीदार एकच, माझी बहीण. तिला आत्याच्याच घरात दिलेली, आत्याच्या धाकट्या पोराला. म्हणजे ती त्याच गावात, त्याच वस्तीत. वही-पेन घेऊन गेलो. ती भाकरी थापत होती. मी विषय काढला तशी थापायची थांबली.

"कोन कोन हुतं, सांग. नावं सांग."

"कशाला?"

"लिहिनार हाय. पुस्तकात."

"दादा, तू साताऱ्याला ऱ्हातूस. मी हितं ऱ्हाते. त्यातल्या एकाच्या रानात आमची खुरपनी असती. माझ्या पोरींची लग्नं व्हायच्यात. तू नावं लिवनार आनि पुस्तक घिऊन फिरनार. पानी कोन आननार आमचं?" आणि मग तव्याकडं बघत, "तवाबी तू न्हवतास."

वही मिटली. काय बोलणार?

दोन वर्षांनी, १९८६ ला, बेबीताई कांबळ्यांचं 'जिणं आमुचं' पुस्तकरूपानं आलं. फलटणची बाई, आमच्या शेजारच्या तालुक्यातली. दुकान चालवत लिहायची, आणि लिहिलेलं वर्षानुवर्षं घरच्यांपासून लपवून ठेवलं होतं तिनं. ते वाचलं तेव्हा बहिणीचं म्हणणं जरा समजलं. खरं लिहायला पुरुषाला धाडस लागतं, बाईला शिवाय लपवायला जागाही लागते. पुढं आत्मकथनांचं पीकच आलं. काही चांगली, काही एकमेकांवरनं गिरवलेली. शहरातले वाचक डोळे पुसत पुसत ती विकत घ्यायचे. त्यांतली काही वाचून मी वैतागलोही. दुःखाचीसुद्धा एक ठरीव घडी पडत चालली होती, अगदी नवकथेसारखी. पण ज्या ज्या घरातनं पुस्तक आलं त्या घरातल्या बायांना कुणी विचारलं होतं का, हे मला दर वेळी वाटायचं. मी विचारलं होतं आणि मला नकार मिळाला होता. म्हणून चाळीस वर्षं मी दुसऱ्यांचं खरं वाचत आलो, आपलं लिहिलं नाही.

दोन वर्षांपूर्वी बहिणीचा सांगावा आला, ये म्हणून. गेलो. आता तिच्या पोरी आपापल्या घरी आहेत, गुडघे गेलेत, दारात नळ आहे. चौघांतले तीन मेले. चौथा लकवा होऊन पडलाय, वर्षानुवर्षं त्याचं धुणं आमच्याच वस्तीतली एक बाई करते. बहीण म्हणाली, "लिव आता. पर मी हाय तवर छापायचं न्हाई. गावाचं नावबी न्हाई." मी हो म्हणालो. म्हणून ह्या लेखातही गावाचं नाव नाही, तिचं नाही, आत्याचं नाही. वहीत आहेत.

तिनं दोन दिवस सांगितलं. कोण आधी आला, कुणाच्या हातात काय होतं, आत्या काय म्हणाली, घागर कुठं पडली. मी लिहीत गेलो, काही म्हणून गाळलं नाही, मिलोसुद्धा नाही. शेवटी सगळं वाचून दाखवलं. पहिल्याच पानावर तिनं थांबवलं.

"आडतीस पायऱ्या कुनी सांगितल्या तुला?"

मी म्हणालो, मला ठाऊक आहे, लहानपणापासून बघतोय.

"वरनं बघितल्यास. तू कवा उतरला हुतास?" ती म्हणाली. "एकतीस हुत्या. पानी पार तळाला गेलं हुतं, समद्या उघड्या पडल्या हुत्या. आत्या पुढं, मी मागं. उतरताना भ्या वाटत हुतं म्हून मोजत हुते."

अडतीस खोडलं आणि वर एकतीस लिहिलं.